शेवरलेटला भोजराजचं इंजिन नको

पहिलं कारण

उलटलेल्या गाडीचं इंजिन अपशकुनी असतं, असं सुखरामनं टिकाराम मिस्त्रीला सांगितलं.

टिकाराम तुमसरच्या नाक्यावरच्या आपल्या शेडमध्ये शेवरलेटच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरला होता. तिथूनच तो बोलला, "उलटली कुठं भाऊ, आडवी झाली. तुमी रोज आडवे होता, तुमाले कोणी अपशकुनी म्हणते का?"

दुसरं कारण

ते इंजिन शेवरलेटच्या नाकात मावणार नाही.

टिकारामनं खिशातून सुतळी काढली. इकडून तिकडून मापलं, गाठ मारली, पुन्हा मापलं. "रेडिएटर चार बोटं समोर घेतो. खालची पट्टी कापून नवी मारतो. शाफ्ट वीतभर कमी करा लागते. आरामात बसते."

तिसरं कारण

भोजराजनं आपला गिअरबॉक्स कसा वापरला असेल कोण जाणे.

यावर मात्र टिकाराम बॉनेटखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "भोजराजभाऊनं? त्यायच्या बाजूले मी बसलो हावो. मांडीवर दुधाचा गंज ठेवा, थेंब सांडत नाही. गिअर कवा पडला ते कानाले समजत नाही."

सुखराम शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. तो चौथं कारण शोधत होता.

गाडी

शेवरलेट १९५१ सालची, मालाची गाडी. गोल नाक, दोन बाजूंना फुगलेले मडगार्ड, पेट्रोलवर चालणारी. सुखरामच्या वडिलांनी, श्यामरावांनी, ती सिहोऱ्यात आणली तेव्हा तिला ओवाळायला अर्धं गाव जमलं होतं. श्यामराव गेले, गाडी राहिली. वीस वर्षं तिनं चिखल्याच्या खाणीपासून तुमसरच्या रेल्वे यार्डापर्यंत मॅंगनीज वाहिलं. मग पेट्रोलचे भाव असे चढले की चिखल्याचे ड्रायव्हर हसून म्हणायचे, सुखरामभाऊची गाडी खनिज कमी अन् पेट्रोल जास्त वाहते. त्यात पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात इंजिनचा ब्लॉकच तडकला. जुनं पेट्रोलचं इंजिन शोधून बसवणं म्हणजे मेलेल्याला जेवू घालणं. आता डिझेलच बसवायचं, हे ठरलंच होतं.

कोणाचं, एवढंच ठरायचं होतं.

आणि वेळ थोडा होता. पावसाळ्यात बंद असलेली ठेकेदाराची वाहतूक दसऱ्यानंतर सुरू होई. मुनशी भैय्यालालच्या वहीत गाड्यांची यादी असे. दिवस मावळायच्या आत तीन खेपा मारेल ती गाडी यादीत. नाही मारणार तिचं नाव भैय्यालाल लाल पेन्सिलीनं खोडी. खोडलेलं नाव पुन्हा लिहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. सुखरामला शेती नावापुरती. शेवरलेट यादीत राहिली तर सुखराम कोणीतरी होता.

चौथं कारण

सापडलं नाही. म्हणून सुखराम म्हणाला, "मधुकररावच्या राइस मिलचं इंजिन पाहू."

मधुकररावांची राइस मिल सिहोऱ्यातच, बाजाराच्या मागं. तिथलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन पंधरा वर्षं धान भरडत आलं होतं. गेल्या साली मिलला वीज आली आणि इंजिन गोणपाटाखाली गेलं. टिकारामनं गोणपाट काढलं, हातानं फिरवून पाहिलं, कान लावला, मान हलवली.

"इंजिन बेस हाये. पण गाडीचं नाही."

"डिझेलच तं हाये."

"भाऊ, हे एका चालीचं जनावर हाये. सकाळी सुरू केलं, सांजेले बंद केलं. गव्हर्नरनं याचा वेग बांधून ठेवला, त्याच्या वर हे जात नाही. पंधरा वर्सांत यानं ना चढ पाहिला ना उतार. अन् हे मागचं चाक पाहा, जात्यावानी. एकदा फिरलं का उतराचं नाव घेत नाही. तुमी गिअर बदलाले त्याची वाट पाहात बसान, तवर बाकीच्या गाड्या यार्डात खाली होऊन जातीन."

"गव्हर्नर ढिला कर."

"करतो. थोडा. जास्त केला तं फुटन. अन् याच्या मागं गिअरबॉक्सच नाही. तुमच्या पेट्रोलचाच लावा लागन, मधात लोखंडाची चकती कातून. इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. भोजराजभाऊकडं जोडी हाये. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, दहा वर्सं संगं चाललेली जोडी. तुमी जोडी सोडून हे काहून घेऊन राहिले?"

सुखराम म्हणाला, गावातली वस्तू गावात राहते.

खरं कारण

हे नव्हतं.

खरं कारण

भोजराज त्याचा साडू. सुखरामची बायको कुंताबाई थोरली, भोजराजची बायको शकुन धाकटी. माहेर एकोडीचं. सासरा तुलाराम गावच्या तलावात मासे धरायचा. त्यांच्या घरी रीत अशी की जावई आले की रोहू शिजे आणि रोहूचं डोकं थोरल्या जावयाच्या ताटात पडे. सहा वर्षं ते सुखरामच्या ताटात पडलं. मग शकुनचं लग्न झालं. त्यानंतरच्या दुसऱ्याच पोळ्याला तुलाराम पातेलं घेऊन वाढायला आला, सुखरामपाशी थबकला, आणि डोकं भोजराजच्या ताटात गेलं. सासू रेवताबाईच तेवढी म्हणाली, "सुखरामजीले काटे आवडत नाही ना."

सुखराम असं जन्मात कधी म्हणाला नव्हता.

त्या दिवशी भोजराज आपल्या नव्या डिझेल गाडीतून आला होता. सुखराम बसनं.

खरं कारण

हेही पुरतं नव्हतं. माशाच्या डोक्यावरून माणूस दहा वर्षं जळत नाही. जळलाच तर अधूनमधून जळतो.

खरं कारण

भोजराजची गाडी माल घेऊन सिहोऱ्यावरून बालाघाटकडे जाई तेव्हा कुंताबाई धान पाखडता पाखडता मान वर न करता म्हणे, "भोजराज जवाई चालले. अकरा वाजले असतीन." गाडी अजून वळणाच्या पलीकडे असे, आवाज तेवढा आलेला.

आणि शेवरलेट दारात येऊन थांबली, बंद झाली, सुखराम उतरला, त्यानं फळीचं दार लोटलं, की आतून कुंताबाई विचारी, "कोण हाये?"

आता हेच इंजिन शेवरलेटमध्ये बसणार. आणि ते वळणावर आलं की कुंताबाई मान वर न करता म्हणणार... पुढचं वाक्य सुखराम मनात पुरं होऊ देत नसे.

खाट

कुंताबाईनंच त्याला भोजराजकडे नेलं. पाय मोडलेल्या माणसाला भेटायला जायचं नाही म्हणजे काय, लोक काय म्हणतील.

गोबरवाहीच्या पुढे आडवी आलेली म्हैस वाचवताना भोजराजची गाडी नाल्यात गेली होती. केबिन चेपलं, चेसिस वाकली, डावा पाय गुडघ्यात मोडला. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, आणि खाटेभोवती माणसंच माणसं. सासरा एकोडीहून येऊन बसलेला. शेजारची म्हातारी पायाला वारा घालत होती. प्लास्टर असं पांढरंशुभ्र की जणू कोणी पाहुण्यांसाठी चुना मारून ठेवलं आहे. सुखरामला त्या प्लास्टरचाही हेवा वाटला. आपला पाय मोडला असता तर एवढी माणसं आली असती का, हे त्यानं तिथंच उभ्या उभ्या मोजून पाहिलं. उत्तर आलं ते त्याला आवडलं नाही.

"या सुखरामभाऊ," भोजराज म्हणाला. "शकुन, चहा ठेव वो. दुधाचा ठेवजो, भाऊले काळा चालत नाही."

हेही याला ठाऊक.

"इंजिन घेऊन जा," भोजराज म्हणाला. "अंगणात हाये, ताडपत्रीखाली. गिअरबॉक्स संगंच. माह्या गाडीचं तं काही राहिलं नाही. तुमच्या शेवरलेटात चालन. हिसाबाचं मंग पाहू."

तुलाराम म्हणाला, "पाहा, घरचं घरात. भोजराजचं मन मोठं हाये."

कुंताबाई म्हणाली, "मी तं केव्हाचीच म्हणून राहिली."

सुखरामनं चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्यां मधुकररावचं घेतलं. बोलणं झालं."

बोलणं झालं नव्हतं. ते त्यानं परतीच्या वाटेवर, कुंताबाईला तुमसरच्या बस स्टँडवर उभी ठेवून, मधुकररावांचं इंजिन आणून बसव असं टिकारामला सांगून पक्कं केलं.

"एवढा कायले जळता तुमी?" बसमध्ये कुंताबाईनं विचारलं.

"कोण जळून राहिलं?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

दसरा

शेवरलेटला आंब्याचं तोरण, टायरखाली लिंबू. टिकारामनं हात जोडले, ते गाडीला की देवाला हे कळलं नाही. बटण दाबलं. इंजिन लागलं.

आणि पहिल्याच सकाळी सुखराम गाडी घेऊन बाजाराच्या रस्त्यानं निघाला तेव्हा सुलोचनाबाई डोक्यावर धानाची टोपली घेऊन गल्लीतून बाहेर आली. तिच्या मागून दुसरी. तिच्या मागून जनाबाई, सुपासकट. तिघी चौघी मिलकडे चालू लागल्या, मग थबकल्या, आवाजाच्या दिशेनं वळल्या, आणि त्यांच्या समोरून शेवरलेट गेली.

पंधरा वर्षं गावानं तो आवाज ऐकला होता. तो आवाज आला की मिल चालू, धान घेऊन निघायचं. विजेची मिल घुंईं करते, ती कोणाला घरात बसून ऐकूच येत नाही.

"का गा सुखराम," सुलोचनाबाई ओरडली, "भरडून देतेस का?"

गल्लीभर हसू झालं. सुखरामनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज होता तेवढाच राहिला.

पण घरी जाताना त्याच्या छातीत एक छोटं सुखही होतं. वळणावरून आवाज गेला असेल तर कुंताबाई भोजराजचं नाव घेणार नाही. तो दारात उतरला.

"मिल चालू झाली का?" आतून कुंताबाईनं विचारलं.

चिखला, रांगेत

(बोलणारे: रांगेत उभ्या गाड्यांचे ड्रायव्हर. ऐकणारा: सुखराम, खिडकीची काच वर करून.)

"आली, आली, चक्की आली."

"अरे बाजूले व्हा, पट्ट्यात धोतर अडकन."

"सुखरामभाऊ, कोंडा कोणाचा? गिऱ्हाइकाचा का मालकाचा?"

"चढावर पाहिलं का? मी समोर गेलो, बिडी पेटवली, पुरी ओढली, मंग भाऊ आले."

"पण एक सांगतो, ओढते बेस. बैलावानी ओढते."

"बैलावानी चालते पण."

"भोजराजचं इंजिन ताडपत्रीखाली सडून राहिलं अन् यायनं हे..."

काच वर होती. शेवटचं वाक्य तरी आत आलं.

खेपा

पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं, तरी दोन. चौथ्या दिवशी पहाटे अंधारात निघाला. चिखल्याचं फाटक सातलाच उघडतं, तो फाटकापाशी बसून राहिला, पुन्हा दोन.

चढावर गिअर बदलायला क्लच दाबायचा आणि त्या जात्यासारख्या चाकाचा वेग उतरायची वाट पाहायची. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात गाडीचाही वेग गेलेला असे. मग खालचा गिअर. मग त्याहून खालचा. पेट्रोलचा गिअरबॉक्स पळणाऱ्या इंजिनसाठी बनवलेला, आणि हे इंजिन पळायचं नाव घेत नव्हतं. टिकारामनं सांगितलं होतं ते सगळं एकेक करून रस्त्यावर हजर होत होतं.

भैय्यालालनं वही उघडली. लाल पेन्सिल कानावरून काढली, पण टेकवली नाही. "श्यामरावजीकडं पाहून थांबतो," तो म्हणाला. "कार्तिकाच्या पुनवेपावतर. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तीन खेपा दिसल्या तं ठीक. नाही तं तुमी माह्यावर रागवाचं नाही."

त्या दिवशी सुखराम रिकामी गाडी घेऊन परतला तेव्हा इंजिन अगदी समाधानानं चाललं होतं. ना गरम झालं होतं, ना धूर सोडत होतं. त्याची काही चूकच नव्हती. सुखरामला तेच सगळ्यात असह्य झालं.

ताडपत्री

भोजराज अंगणात बसला होता. प्लास्टर निघालं होतं. पाय निघाला तो वाळलेला, गुडघ्यात न वाकणारा. खाटेभोवती आता कोणी नव्हतं. सुखरामला वाटलं होतं हे पाहून बरं वाटेल. वाटलं नाही. तेव्हा त्याला तेही भोजराजचंच कसब वाटलं.

ताडपत्री तिथंच होती. कडेला विटा ठेवलेल्या, पाणी जाऊ नये म्हणून.

"बाबूलाल आला होता," भोजराज म्हणाला. "भंडाऱ्याचा भंगारवाला. इंजिन दे म्हणे. म्यां म्हटलं, बोलणं झालं हाये."

"कोणाशी झालं?"

"तुमच्याशी होईन म्हटलं."

सुखराम विटांकडे पाहत राहिला. इतका चांगला माणूस जवळून पाहिला की डोळे दुखतात. शेवटी म्हणाला, "देतेस का?"

"देतो. एक अट हाये."

"सांग."

"मले बाजूले बसू द्या. रोज. चिखल्याले."

"कायले?"

भोजराजनं डावा पाय हातानं उचलून दुसरीकडे ठेवला, लाकडाचा असावा तसा. "हा क्लच दाबत नाही आता. बाकी सगळं चालू हाये. घरी बसून मी शकुनले दिवसभर गिअर टाकाले सांगून राहिलो. ते माहेरी जाईन म्हणते."

सुखराम हसला नाही. त्याला दिसलं ते असं: आपली गाडी, वडिलांची गाडी, नाकात भोजराजचं इंजिन, पोटात भोजराजचा गिअरबॉक्स, आणि बाजूच्या सीटवर भोजराज. सगळी शेवरलेट आतून भोजराज. फक्त नंबर आपला.

पण नंबरच भैय्यालालच्या वहीत होता.

"बस," तो म्हणाला.

जोडी

टिकारामनं मिलचं इंजिन काढलं आणि पुन्हा गोणपाटात गुंडाळून ठेवलं. जोडी बसवायला त्याला नऊ दिवस लागले. रेडिएटर चार बोटं पुढे, खालची पट्टी नवी, शाफ्ट वीतभर कमी. नऊही दिवस भोजराज स्टुलावर बसून होता आणि टिकाराम दर गोष्ट त्याला विचारत होता. सुखराम पाने देत होता. आपल्याच गाडीचे पाने.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी

पहिली खेप सुखरामनं भोजराजशी एक अक्षर न बोलता मारली. गाडी पळत होती. अशी पळत होती की त्याला आनंद व्हायला लागला आणि तो त्यानं मागं ढकलला.

एकच गोष्ट जमत नव्हती. चौथ्यावरून तिसरा. भरल्या गाडीनं चढ लागला की सुखराम क्लच दाबी, लिव्हर ओढी, आणि खालून खर्रर्र असा आवाज येई की पुढच्या गाड्यांचे ड्रायव्हर वळून पाहत. दात घासले जात, वेग मरे, मग सरळ दुसऱ्यावर यावं लागे. दुसऱ्या खेपेला भोजराजचा हात आपोआप लिव्हरकडे गेला.

"हात काढ," सुखराम म्हणाला.

भोजराजनं हात काढून मांडीवर ठेवला.

"थोडा आपल्याकडं ओढून, मधात एक दम थांबून..."

"म्यां वीस वर्सं गाडी चालवली."

"हो."

दुसरी खेप संपायला दुपार टळली. तिसऱ्या खेपेला चिखल्यावर गाडी भरून निघाले तेव्हा सूर्य मोहाच्या शेंड्यावर आला होता. भैय्यालालचा माणूस यार्डाच्या फाटकावर घड्याळ घेऊन उभा असणार. एक चढ उरला होता, लांब, वळणाचा. तिथं वेग मेला तर दुसऱ्या गिअरवर सरपटत जायचं, आणि यार्डापर्यंत अंधार पडायचा. सुखरामनं हिशेब केला. पुन्हा केला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं.

चढ सुरू झाला. इंजिनचा आवाज जड होऊ लागला. भोजराज समोर पाहत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि उजव्या हाताची बोटं हळूच वळत होती, सरळ होत होती.

सुखरामला वाटलं, मोडू दे गिअर. जाऊ दे नाव. असं त्याला खरोखर वाटलं, पुरते चार श्वास. चढावरचा मैलाचा दगड मागं गेला.

त्यानं क्लच दाबला. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले.

भोजराजनं त्याच्याकडे पाहिलं. लिव्हरवर हात ठेवला, पण हलवला नाही.

"कोणता टाकू?" त्यानं विचारलं.

त्याला ठाऊक होतं. इंजिन सांगत होतं, चढ सांगत होता. त्याला ते सुखरामच्या तोंडून ऐकायचं होतं. सुखरामला पहिल्यांदाच कळलं की या माणसालाही काहीतरी हवं आहे, आणि ते आपल्याजवळ आहे. आपला एक चालता डावा पाय आहे.

त्यानं तो क्लचवर तसाच दाबून धरला, लागत होता त्याहून एक क्षण जास्त.

"तिसरा," तो म्हणाला.